रुमालाचं कारण

"थंडीसाठी की धर्मासाठी?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

चुंबकबाई टेबलासमोर हात मागे बांधून उभी होती. अंगावर खात्याचा निळा गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डोक्याला करड्या रंगाचा सुती रुमाल, हनुवटीखाली गाठ मारलेला.

"काय ते एकदाचं सांगून टाका, म्हणजे मला पुढचं ठरवता येईल."

"थंडी तर नाहीये, मॅडम."

"मग धर्मासाठी."

"तसंही अगदी म्हणता येणार नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बायकांच्या या तुरुंगाच्या त्या अधीक्षक होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण गोल गोल बोलणं त्यांना सहन होत नसे. "हे बघा, आतल्या ड्युटीवर डोक्याला, गळ्याला कापड चालत नाही. कुणी मागून ओढलं तर फास बसतो. मागे त्या नव्या शिपाई पोरीला बसला होता, आठवतंय ना? तुम्हीच सोडवलंत तिला."

"आठवतंय."

"मग? धर्माचं कारण असेल तर अर्ज करा. समिती बसेल, सुनावणी होईल, मिळाली तर सूट मिळेल. कारणच नसेल तर काढा. काढणार नसाल तर हुकूम मोडल्याची चौकशी लागेल, आणि त्यात नोकरी जाऊ शकते. 'माहीत नाही' असा रकाना माझ्याकडे नाही."

चुंबकबाईने मान हलवली. तिला रकाना नकोच होता. पण खरं विचाराल तर तिला माहीत नव्हतं.

'चुंबकबाई' हे नाव तिला कैदी बायकांनी ठेवलं होतं. भेटीला येणाऱ्यांची झडती घेणं हे तिचं काम, आणि तिच्या हातून काही सुटत नसे. चपलेच्या तळव्यातलं पातं, अंबाड्यात खोचलेली चिठ्ठी, बाळाच्या लंगोटात गुंडाळलेली तंबाखू, सगळं तिच्या बोटांना चिकटल्यासारखं बाहेर यायचं. आधी चोरून 'चुंबक' म्हणायच्या, मग तोंडावर 'चुंबकबाई' म्हणायला लागल्या. तिने ते मनावर घेतलं नाही. घरी ती दोन बहिणींतली थोरली, म्हणून 'ताई'. स्वतःच्या नावाने तिला हाक मारणारं तसं कुणी उरलंच नव्हतं.

तिच्या माहेरच्या बायका डोकं झाकत. आई झाकायची, आत्या झाकायची, धाकटी बहीण तर वयात आल्यापासून एक दिवस चुकली नाही. हिनेही झाकलं, विशीपर्यंत. मग तुरुंगाच्या भरतीची जाहिरात आली आणि शारीरिक चाचणीच्या सकाळी ती उघड्या डोक्याने घराबाहेर पडली. वडील महिनाभर बोलले नाहीत. आई मात्र गणवेशाला इस्त्री करून द्यायची आणि पुटपुटायची, "पोटासाठी आहे, देवाला कळतं." देवाला कळलं की नाही कोण जाणे, हिला काही विशेष वाटलं नव्हतं. मोकळ्या मानेला वारा लागला, इतकंच.

तेव्हापासून झडतीच्या खोलीत तिने असंख्य बायकांना एकच वाक्य ऐकवलं होतं. "रुमाल काढा." बायका काढत. कुणी पटकन, कुणी भिंतीकडे तोंड करून, कुणी शिव्या देत. ती रुमाल झटकायची, शिवण चाचपायची, परत द्यायची. यात कुणाचा अपमान करायचा तिचा हेतू नसे. रुमालात वस्तू लपतात, हे ती स्वतः कापडात वाढल्यामुळे इतरांपेक्षा जास्त ओळखून होती.

मग एके दिवशी भेटीला एक म्हातारी आली.

म्हातारीची मुलगी आत होती आणि काही दिवस दवाखान्याच्या बराकीत होती. म्हातारीने उकडलेली अंडी आणली होती, ती बाहेरच ठेवून घेतली. "रुमाल काढा, मावशी," चुंबकबाई म्हणाली. म्हातारीने काढला. आत पांढरे, विरळ केस, टाळूचा गुलाबी पट्टा. चुंबकबाई शिवण चाचपत असतानाच आतून एक शिपाईबाई आली आणि दारातच थबकली. मुलगी पहाटेच गेली होती. घरी निरोप धाडला होता, पण म्हातारी त्याआधीच निघाली असावी.

हे तिला तिथेच, त्या खोलीत सांगावं लागलं. म्हातारी रडली नाही. "कुठे आहे?" एवढंच विचारलं आणि उठून चालू लागली. दार, व्हरांडा, मग मोठं पटांगण. पटांगणात पहाऱ्यावर पुरुष शिपाई होते, सामानाच्या गाडीवरचे हमाल होते. म्हातारी सगळ्यांमधून उघड्या डोक्याने चालत गेली. मागून चुंबकबाई हातात रुमाल घेऊन धावत होती. "मावशी, रुमाल! अहो मावशी, तुमचा रुमाल राहिला!" म्हातारीने मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दाराने तिला मुलीसकट घरी पाठवलं. रुमाल न्यायला कुणी आलं नाही. चुंबकबाईने तो धुऊन, घडी करून राहिलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला, आणि ड्युटी संपल्यावर घरी गेली.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी केस विंचरताना तिने पेटीच्या तळातून स्वतःचा जुना करडा रुमाल काढला आणि बांधला. रडू आलं नाही, की काही साक्षात्कार झाला नाही. बांधला आणि बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला.

कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळंच काही सांगत होती, आणि सांगताना तिला ते खरंही वाटत होतं. सोबतच्या शिपायांना म्हणाली, केस फार गळतात. शेजारणीला म्हणाली, आता वय झालं. नवऱ्याला म्हणाली, "वाटलं, म्हणून बांधला."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलायला बसला की त्याचं सगळं लिफ्टवरच येऊन थांबे. तो म्हणाला, "अडकलेल्या माणसाला कुणी विचारतं का, बाबा तुला कितव्या मजल्यावर जायचं होतं? आधी दार उघडायचं. धर्म म्हणून लिहून दे आणि मोकळी हो."

"पण तसं नसलं तर?"

"कसं नसलं तर?"



धाकट्या बहिणीने मात्र तिला दारातच धरलं. बहीण एकेकाळी शाळेत गणित शिकवायची. शाळेने नवा नियम काढला, शिक्षिकांनी डोकं झाकायचं नाही. तिने एका दुपारी खडू टेबलावर ठेवला आणि घरी आली ती आलीच. तेव्हापासून घरात शिकवण्या घ्यायची.

"ताई, हे काय सोंग आहे?" तिने चहासुद्धा विचारला नाही. "मी रुमालासाठी नोकरी सोडली. तू नोकरीसाठी रुमाल सोडलास. बरं, ज्याचं त्याच्यापाशी. आता तुला दोन्ही हवंय?"

"मी कुणाकडे काही मागायला गेले नव्हते गं. त्यांनीच विचारलं."

"प्रार्थना करतेस?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे कधी?"

"बसमध्ये. खिडकीची जागा मिळाली तर."

बहीण हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "तुझ्यासारख्यांमुळेच लोक म्हणतात, यांचं काही खरं नसतं, आज बांधतात, उद्या सोडतात. समितीसमोर जाऊन आमच्या श्रद्धेचं नाव घेशील आणि घरी येऊन खुंटीला टांगशील. जाऊ नकोस, ताई. काढून टाक सरळ."

चुंबकबाई घरी आली. आरशासमोर रुमाल काढून पाहिला, पुन्हा बांधून पाहिला. दोन्ही वेळा समोरची बाई खोटी वाटली.

अखेर अर्ज गेला, तो कर्मचारी संघटनेच्या चिटणिसांनी लिहून दिलेला. चिटणिसांना बऱ्याच वर्षांत असं लढण्याजोगं काही मिळालं नव्हतं. ते खुशीत होते. "बाई, तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं. 'माझ्या धर्माप्रमाणे मी डोकं झाकते आणि ही माझी श्रद्धा आहे.' पुढचं मी बघतो. जास्त बोलायचं नाही. झडती घेणाऱ्याने झडती द्यायची नसते, काय?" स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले.

सुनावणी खात्याच्या मुख्य कचेरीत झाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, समोर तिघं. मधोमध कायद्याच्या एक वयस्क बाई, डावीकडे सुरक्षेचे अधिकारी, उजवीकडे कारकुनी चेहऱ्याचा एक गृहस्थ, जो सबंध वेळ लिहीत होता.

चुंबकबाईने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. चिटणिसांनी समाधानाने मान डोलावली.

"इतकी वर्षं नव्हता बांधला," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "आत्ताच का?"

"वाटलं."

"काय वाटलं?"

तिने चिटणिसांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी 'नको, नको' करत होते. आणि मग, का कोण जाणे, तिने म्हातारीची गोष्ट सांगितली. अंडी, शिवण, पटांगण, हमाल. सांगून झालं तेव्हा लिहिणाऱ्या गृहस्थाचं पेन थांबलं होतं. यातलं नेमकं काय लिहायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न असावा.

"वाईट झालं," सुरक्षा अधिकारी खरोखरच हळू आवाजात म्हणाले. "पण हे दुःख झालं, बाई. हा धर्म नव्हे."

"असेल, साहेब."

"म्हणजे तुमची श्रद्धा नाही?"

"असावी."

"असावी म्हणजे?"

"सकाळी बांधते तेव्हा असते. दुपारी दुसऱ्या बाईला 'रुमाल काढा' म्हणते, तेव्हा कुठे जाते ते कळत नाही." ती थांबली. "तुम्ही ठरवा ना, साहेब. तुम्ही शिकलेले आहात. काय आहे ते मलाही कळेल."

चिटणिसांनी कपाळाला हात लावला.

कायद्याच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "आम्हाला ते ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाची श्रद्धा किती खोल, हे मोजायची काठी आमच्याकडे नाही, आणि ती असू नये असंच कायदा म्हणतो. तुमच्या समाजात बायका डोकं झाकतात, तुम्ही अर्ज केलात, त्यातून काही फायदा उकळताय असं दिसत नाही. आम्हाला एवढं पुरे. राहिला प्रश्न सुरक्षेचा. त्याचं बघू."

बाहेर आल्यावर चिटणीस तिच्यावर चिडले आणि लगेच तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "जिंकलो की हो!"

तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. एखाद्या डॉक्टरने तपासून 'तुम्हाला काय झालंय ते आम्ही सांगत नाही, पण औषध घ्या' म्हणावं, तसं वाटत होतं.

हुकूम आल्यावर ती बहिणीकडे गेली. बहिणीने तो उभ्याउभ्याच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. आत मुलं पाढे म्हणत होती.

"म्हणजे नुसता अर्ज करायचा असतो?" तिने विचारलं.

"आणि सुनावणी."

"मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, नियम म्हणजे नियम. ठेवला खडू आणि आले." ती कागदाची घडी घालू लागली, घडी नीट जुळेना. "तू त्यांना 'असावी' म्हणालीस आणि त्यांनी दिलं. मी तर ठामपणे सांगितलं असतं गं, ताई."

चुंबकबाई तिच्या शेजारी बसली.  बहीण उठली, तिने चहा ठेवला, आणि साखर घालायची विसरली. दोघींनी तो तसाच प्यायला.

हुकमात अटी होत्या. रुमाल स्वतःचा चालणार नाही, खात्याचा वापरायचा. भांडाराच्या कारकुनाने तो पिशवीतून काढून दिला. गडद निळा, आखूड, पुढच्या कडेला खात्याचं चिन्ह, मागे मानेवर दाबाचं बटण. कुणी ओढलं तर फास न बसता हातात यावा म्हणून.

"विटला की जुना जमा करायचा, नवा न्यायचा," कारकून म्हणाला. "टोपीसारखंच."

आणि दुसरी अट अशी, की रोज आत जाण्याआधी बटण सुटतंय याची फाटकावर खात्री करायची. पहिल्या सकाळी हे काम एका तरुण शिपाई पोरीकडे आलं. ती अवघडली. "ओढू, बाई?"

"ओढ."

टच् आवाज झाला आणि रुमाल पोरीच्या हातात आला. मागे रांगेत दूधवाला, सफाईवाले, दोन नवे पहारेकरी उभे होते. पोरीने वहीत 'ठीक' लिहून रुमाल परत दिला. चुंबकबाईने बटण लावलं आणि आत गेली. बराकीतून एक कैदीण ओरडली, "चुंबकबाई, आता डोक्यालाही शिक्का बसला की!" बाकीच्या हसल्या. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी टच्. तिसऱ्या दिवशी टच्. पुढे पोरीचं अवघडणं गेलं, गप्पा मारता मारता ती ओढायची. निळा रुमाल संध्याकाळी शिट्टीबरोबर आणि किल्ल्यांबरोबर जमा होऊ लागला.

घरातून फाटकापर्यंत ती अजून करडा बांधून जायची. फाटकाशी करडा काढायचा, निळा घालायचा, तो ओढून घ्यायचा, पुन्हा लावायचा. कधी वाटे, करडाच काय तो खरा. कधी वाटे, समितीने खरा ठरवला तो निळा. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी ती आता नुसतीच बाहेर बघत बसे.

पावसाचे दिवस सरल्यावर एका सकाळी ती डबा घेऊन घाईने निघाली. जिना अर्धा उतरली होती, तेवढ्यात वरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, रुमाल राहिला तुझा! आणू का खाली?"

ती कठड्याला हात लावून थांबली. वरच्या पायरीवर तो करडा रुमाल हातात घेऊन वाकून उभा होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथे मिळतो."

आणि केस कानामागे सारून ती उरलेला जिना उतरली.