रक्तातील आकडा आणि माझा संकोच

सुज्ञ वाचकहो, माझ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीत जे घडले, ते मी येथे यथाक्रम निवेदन करीत आहे. वयस्कर पुरुषांनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावे.

पडेगावातील आमच्या बुद्धविहारात आरोग्य शिबिर भरले होते. अर्ज भरण्याचे कार्य वस्तीतील शिकलेल्या सुनांकडे सोपविले होते. माझा अर्ज माझीच सून सुलेखा हिच्या हाती आला.

"मामा, लघवीला जळजळ होती का?" तिने खाली मान घालून विचारले.

"नाय."

"रात्री उठावं लागतं?"

"नाय गं, लई गाढ झोपतो."

वास्तविक आठ दिवसांपासून मला असह्य जळजळ होत होती. परंतु सुनेसमोर सासऱ्याने असे उच्चारावे कसे? पुढे रक्त घेतले गेले. त्यात प्रोस्टेटचा आकडा चारच्या आत अपेक्षित असताना माझा अकरा आला. कॅन्सरची शंका असून ग्रंथीचा तुकडा काढून तपासावा लागेल, असे कळताच घरात कोणी जेवले नाही. मुलगा संघपाल भिंतीकडे तोंड करून रडला. मीही मनोमन मरणाची तयारी केली.

औरंगपुऱ्यातील डॉक्टरांनी तेच प्रश्न पुन्हा केले. सुलेखा शेजारीच उभी असल्याने मी छताकडे पाहत राहिलो. तेव्हा माझी पत्नी गोजरबाई कडाडली, "यांना काय इचारता, साहेब? मोरीत भिंत धरून कण्हत्यात. मला काय ऐकू येत नाय व्हय?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "बाबा, जंतुसंसर्गानंही हा आकडा चढतो. आधी औषध घ्या. दीड महिन्यानं पुन्हा रक्त बघू, मग तुकड्याचं ठरवू."

दीड महिन्यानंतर आकडा तीनवर उतरला.

"म्हणजे कॅन्सर नाय, हे पक्कं?" मी विचारले.

"पक्कं म्हणत नाही. आकडा जास्त असून कॅन्सर नसतो, आणि कमी असूनही कधी असतो. आज तुकडा काढायची गरज नाही, एवढं सांगतो. सहा महिन्यांनी या."

माझी किंचित निराशा झाली, कारण मला संपूर्ण खात्री हवी होती. ती एका आकड्यापाशी मिळत नाही, हे मला मान्य करावे लागले.

बाहेर सुलेखा रिक्षा थांबवून उभी होती. मी तिला जळजळीपासून सर्व वृत्तांत खणखणीत आवाजात सांगितला.

"मामा, हळू! रिक्षावाला ऐकतोय."

"ऐकू दे. त्याचंबी वय झालंय."

आपण वाचनाचे श्रम घेतलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

कडुबा पुंजाराम साळवे, पडेगाव