उतरवलेला बावटा

मी बंदरावरचा बावटा बोलतोय. लाल अंग, पोटावर काळा चौकोन. शिडं शिवणाऱ्या एका म्हातारीने मला जाड कापडातून बेतलं, दुहेरी टाके घातले आणि म्हणाली, "हा वाऱ्याला पुरून उरेल." उरलोही. माणसांपुढे मात्र मी हात टेकले.

काम माझं सोपं. हवामान खात्याचा इशारा आला, की बंदराचा साहेब मला काठीवर चढवतो. मला पाहून क्रेनवाले क्रेन जखडून ठेवतात, मिठागरवाले ढिगांवर ताडपत्र्या ओढतात, मासेमार होड्या वर घेतात. वादळ आलं तर आभार देवाचे. वाऱ्याने वाट बदलली तर खोटारडा मी! वा रे न्याय.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे लाँचवाला शेठ. पैलतीरावर माणसं नेणारी लाँच त्याची. ती चालवायचा त्याचा जावई आणि तिकिटं फाडायची लेक.

एका सकाळी इशारा आला, दुपारी वारा बेफाम होणार. मी चढलो. धक्क्यावर जमलेली माणसं मला बघून माघारी वळू लागली. शेठ तणतणत आला.

"साहेब, ते फडकं उतरवा आधी. गिऱ्हाईक पळतंय."

"इशारा आहे, शेठ."

"गेल्या खेपेलाही होता. पान तरी हललं का?"

जावई म्हणाला, "मामा, आज राहू द्या. पाण्याचं लक्षण ठीक नाही."

"भित्र्याला पोरगी दिली मी!" शेठ खेकसला.

जावई लाँचकडे वळला. साहेबाला कणा नव्हताच. शेठकडे रोजचं चहापाणी. "लाँच सुटेपर्यंतच हं," म्हणत त्याने माझा दोर सोडला. मी खाली आलो आणि शहाणी माणसं हसतखिदळत लाँचवर चढली. आभाळ जणू माझ्याच दोराला बांधलेलं!

साहेबाच्या खुर्चीवर बोळा होऊन मी खिडकीतून सगळं पाहिलं. लाँच मध्यावर असताना वारा सुटला. ती वाळूच्या दांड्यावर आपटली, कलंडली. मासेमारांनी जिवावर उदार होऊन होड्या घातल्या. जावई एकेकाला होडीत ढकलत राहिला. सगळे वाचले. तो सापडलाच नाही.

चौकशीत शेठ हात जोडून म्हणाला, "बावटा खालीच होता हो. आम्हाला कसं कळणार?"

साहेब बुटांकडे बघत बसला. तेव्हा लेक उठली. "खाली कुणी घ्यायला लावला, तेही सांगा ना, बाबा. तिकीटखिडकीत मीच बसले होते, सगळं ऐकत."

शेठचा परवाना गेला, साहेबाची खुर्ची गेली. लाँच आता दुसऱ्याची आहे. तिकीटखिडकीत अजून तीच बसते.

परवा मी चढलो, तर एक टायवाला तिच्याशी भांडत होता, "यांचं रोजचंच नाटक. पाऊससुद्धा नाही!" तिने खिडकीची फळी खाडकन खाली ओढली. आतून आवाज आला, "आज लाँच नाही. घरी जा."

माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी तुम्हाला विनवणार नाही. तेवढी अक्कल तुम्हाला असती तर मला बोलावंच लागलं नसतं. एवढंच करा. मी वर असेन त्या दिवशी त्या बाईशी हुज्जत घालू नका. गुपचूप घरी जा.