पत्ता वाचायच्या आधीच

आमच्या संस्थेचे साहेब वर्ग तपासायला मागच्या बाकावर येऊन बसले. संध्याकाळच्या या इंग्रजीच्या वर्गावर मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ते आज ठरवणार होते. वर्षभर हंगामी म्हणून राबले होते मी. आज फसलं की संपलंच.

माझे विद्यार्थी म्हणजे नर्सबाई, वॉचमनकाका, टॅक्सीवाला, पार्लरवाली ताई. सगळी दिवसभर दमून येणारी माणसं. इंग्रजी वाक्प्रचार पाठ करा म्हटलं की जांभया देतात, म्हणून मी खेळ काढला. एकाने पत्ता उचलायचा, त्यावरचा वाक्प्रचार तोंड न उघडता करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा.

नर्सबाईंनी पत्ता उचलला. अजून वाचलाही नव्हता, तोच काका ओरडले, "कोल्ड फीट!"

बरोबर होतं. म्हणजे ऐनवेळी हातपाय गळणं. गळाले ते माझे.

पार्लरवाली पुढचा पत्ता घेऊन नुसती उभी राहिली, तर टॅक्सीवाला म्हणाला, "पीस ऑफ केक!"

म्हणजे हातचा मळ. हेही बरोबर.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, यांना मनातलं कळतं वाटतं?"

अरे देवा! काल मी पत्ते सोप्यापासून अवघडापर्यंत लावून टेबलावर ठेवले आणि पाणी प्यायला गेले. तेवढ्यात या शहाण्यांनी क्रमच पाठ केला होता. का, तर मॅडमची नोकरी वाचावी! रडावं की यांच्या डोक्यात डस्टर घालावं, मला कळेना.

साहेब पुढे आले. गठ्ठ्यातला मधलाच पत्ता काढून त्यांनी टॅक्सीवाल्याला दिला. बिचारा खोकला, कण्हला, बाकावर आडवा झाला. पत्ता होता 'अंडर द वेदर', म्हणजे तब्येत बरी नसणं. सगळे ढिम्म. काकांनी चाचरत विचारलं, "पीस ऑफ केक?"

साहेब दाराकडे निघाले.

आणि नर्सबाई काकांवर कडाडल्या. खेळात इंग्रजी सोडून बोलेल तो बाद, हा नियम माझाच, आणि खेळ संपला असं मी अजून म्हटलं नव्हतं.

"आय टोल्ड यू वेट! व्हाय यू शाउट सो फास्ट?"

"आय वॉज अफ्रेड! मॅडम विल लूज जॉब!"

"नाऊ शी विल लूज! बिकॉज ऑफ यू!"

"नो फाइट, प्लीज," टॅक्सीवाला मध्ये पडला. "वुई ऑल डिड. वुई टेल सर, मॅडम डोन्ट नो."

वर्षभर यस-नोच्या पुढे न गेलेली माणसं ही!

"अहो, गप्प बसा!" मी दातओठ खात म्हणाले. "आणखी लाज काढू नका."

साहेब दारातून परत आले आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"थांबवू नका त्यांना," ते म्हणाले. "सही करायला उद्या ऑफिसात या."

"म्हणजे... कायम?"

"हो. पण आता ऐकू द्या."

सगळे चिडीचूप. मी डोळे पुसले आणि खेकसले, "थांबलात का? भांडा ना!"