निळ्या तीर्थाचा लाल डाग

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात त्या सकाळी मशीन बंद होती आणि सगळे हात जोडून उभे होते. टेबलावर डेअरीला जाणारे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह आणि पुढ्यात भूपेशबाबा. बाबांनी कमंडलूतलं निळं तीर्थ एका व्हॉल्व्हवर शिंपडलं. बघता बघता त्यावर तांबूस डाग उमटले. मालक हेमचंद्र यांनी भक्तिभावानं डोळे मिटले.

स्टेनलेस स्टीलला सहसा गंज चढत नाही, त्यात हा माल अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून साफ केलेला. तरी महिनाभर ठिपके येत होते, माल परत येत होता. शेवटी मालकांनी बाबांसाठी गाडी धाडली.

अशुद्ध हात लागला की धातू रक्त ओकतो, असं बाबांनी सांगितलं. हात कुणाचा? माल धुऊन पुसणाऱ्या बुवापाड्यातल्या अंजनाचा. तिचं आडनाव कळल्यावर बाबांची दिव्यदृष्टी फारच स्वच्छ झाली. अंजनाला त्याच दिवशी घरी बसवलं.

क्वालिटी बघणाऱ्या सुहासिनीताईंना मात्र तीर्थाचा रंग ओळखीचा वाटला. दुसऱ्या दिवशी त्या तसाच निळा मोरचूद आणि अंजना, दोघांना घेऊन आल्या. टाकीतून नुकतेच निघालेले दोन व्हॉल्व्ह त्यांनी सगळ्यांसमोर ठेवले. एक अंजनानं दोन्ही हातांनी चोळला.

"साहेब, दुसरा तुम्ही घासा. त्या नव्या ब्रशनं."

मालकांनी घासला. ताईंनी दोन्हींवर मोरचुदाचं पाणी टाकलं. अंजनाचा व्हॉल्व्ह लखलखत राहिला. मालकांचा तांबूस झाला. मालकांच्या हाताकडे बघायचं सगळ्यांनी कटाक्षानं टाळलं.

मग ताईंनी उलगडून सांगितलं. चकाकी यावी म्हणून मालकांनीच महिन्याभरापूर्वी टाकीनंतर लोखंडी तारेचा ब्रश मारायला लावला होता. त्याचे कण स्टीलवर चिकटतात आणि दमट हवेत गंजतात. मोरचुदातलं तांबं नेमकं त्याच लोखंडावर बसतं. बाबांनी चमत्कार म्हणून केली ती खरं तर लोखंड शोधायची साधी चाचणी होती.

बाबांना फोन लावला, तर ते सोनिवलीत एका बिल्डरच्या प्लॉटची शांती करण्यात गुंतले होते.

मालक अंजनाला म्हणाले, सोमवारपासून ये.

"येते," ती म्हणाली. "पण माझ्या हातात दोष नव्हता, हे आधी सगळ्यांसमोर बोला."

मालक खाली बघत बोलले. तिनं ते पुन्हा, मोठ्यानं बोलायला लावलं.

लोखंडी ब्रश त्याच दिवशी भंगारात गेला, ठिपके थांबले. डाग दिसला की माणसाची जात शोधू नका, डागाचं कारण शोधा. त्याला दिव्यदृष्टी लागत नाही, डोळे उघडे ठेवले तरी भागतं.