पाव किलो करंट

"पाव किलो करंट म्हणजे नेमका किती हो, श्यामलालजी?"

ठेकेदार मुन्नालालच्या वकिलानं श्यामलालची वही उंच धरून विचारलं आणि ग्राहक मंचाच्या खोलीत, जिथं लोक सहसा जांभया देतात, तिथं चक्क हशा पिकला. दारातला शिपाईही हसला. श्यामलालला मात्र प्रश्न रास्त वाटला.

"पाव म्हंजे हात आपोआप मांगं येते," तो म्हणाला. "अर्धा म्हंजे कोपरापर्यंत जाते. किलो म्हंजे माणूस खालीच बसते."

"आणि दोन किलो?"

"दोन किलो अजून झाला नाई साहेब. होईन त सांगाले मी राहणार नाई."

यावर हसू थोडं कमी झालं.

आमगावच्या राइस मिलमध्ये बत्तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला दुसरं कुठलं माप सुचणार? व्होल्ट काही डोळ्यांना दिसत नव्हते. वहीत तारीख, वेळ, जागा, कोणाला लागला आणि किती, असे रकाने पाडलेले होते. १२ जुलै, सकाळी सात, न्हाणीची भिंत, प्रेमिला, पाव. १९ जुलै, दुपारी, नळाची तोटी, स्वतः, अर्धा. २ ऑगस्ट, शेजारची बकरी, एक किलो, उठली. बकरीची नोंद कशाला, असं त्याच्या स्वतःच्या वकिलानं, दुर्गाप्रसादनं विचारलं होतं. "तिनं कोनाकडून पैसे नाई घेतले," श्यामलाल म्हणाला होता, "तिची साक्ष पक्की."

गोष्ट दोन हजार सहाच्या दिवाळीची. बापाच्या काळातली वायर उंदरांनी कुरतडली होती, ती बदलायची होती. गल्लीतला वायरमन निम्म्यात करून देत होता. पण घराच्या जिवाचा प्रश्न म्हणून श्यामलालनं गोंदियाहून लायसनवाला ठेकेदार आणला. मुन्नालाल तिशीचा, गोडबोल्या. चहा यायच्या आधी त्यानं प्लास्टिकमध्ये मढवलेलं लायसन टेबलावर ठेवलं आणि चहा संपेपर्यंत उचललं नाही. पाच दिवसांत वायर भिंतीत गाडून, वर प्लास्टर करून तो मोकळा झाला. जाताना टेस्ट रिपोर्टचा छापील, पण न भरलेला कागद पुढे केला. "काकाजी, यहाँ साइन कर दो. बाकी मैं भर लूँगा."

आणि काटा थिरावल्याशिवाय एकाही चिठ्ठीवर कधी सही न केलेल्या माणसानं कोऱ्या कागदावर सही केली.

त्या कागदावर नंतर लिहिलं गेलं: अर्थिंग योग्य, भिंतीत जोड नाहीत, घरमालक समाधानी. पहिल्या पावसात गच्चीचं पाणी न्हाणीच्या भिंतीत उतरलं आणि समाधानी घरमालकाची बायको आंघोळीला गेली ती किंचाळत बाहेर आली. मुन्नालालला तीनदा बोलावलं. तो दोनदा आला, कोरड्या दिवशी, आणि "वहम है काकाजी" म्हणून गेला. मग तक्रार.

दुर्गाप्रसाद वकिलानं पहिल्याच दिवशी बजावलं, "निरीक्षक येऊन बघेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. दुसऱ्या वायरमननं उघडली की पुरावा गेला."

घरी आल्यावर प्रेमिलानं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मंजे करंट पाळाचा का आपून आता? म्हशीवानी? चारा का टाकू त्याले?"

"केस लागेपर्यंत हर्षाची माय."

"आन तवरक मलेच लागला त तो?"

 वर्षभर ती दोघं स्वतःच्या घरात चोरासारखी वावरली. रबरी चपला घालून स्वयंपाक, लाकडी पाटावर उभं राहून आंघोळ, त्याआधी मेन स्विच खाली. तरी एखाद्या सकाळी माणूस विसरतोच. आत पाण्याचा आवाज बंद झाला की श्यामलाल बाहेरून हाक मारायचा, "हाय का वो?" आतून यायचं, "हाव, जित्ती हाय!" हे ऐकूनच तो दाढीचा ब्रश पुन्हा गालाला लावायचा. एकदा तिनं रागानं उत्तर दिलं नाही. त्यानं दार लाथ मारून उघडलं. ती साबण लावत होती. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, पण हाकेला उत्तर मात्र चुकवलं नाही.

सगळ्यात मोठं नुकसान वहीत कुठल्याच रकान्यात बसलं नव्हतं. लेक हर्षाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते श्यामलालनं स्वतः नको म्हणून कळवलं. ओली बाळंतीण, रोजचं गरम पाणी, आणि ती न्हाणी! नात योगेश्वरी सौंदडला, सासरीच जन्मली. "तुया बाबूजीच्या घरी एका खाटेची जागा नाई का?" असं हर्षाच्या सासूनं विचारलं, तेव्हा हर्षा पोरीचं दुपटं आवरत राहिली. करंटाचं सांगितलं असतं तर सासू हसली असती. श्यामलाल गाडीनं सौंदडला जायचा, नात मांडीवर घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. आता ती रांगायला लागली होती.

"पोळ्याले पोरीले आणीनच मी," प्रेमिलानं जाहीर केलं. "केस लागो का नाई लागो."

"रांगतं लेकरू भित धरूनच उभं होते ना वो," श्यामलाल म्हणाला. 

मंचानं नेमलेला निरीक्षक आला तो मे महिन्यात, दुपारी बाराला; मुन्नालाल आणि दुर्गाप्रसाद वकीलही हजर होते. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि न्हाणीची भिंत पापडासारखी कोरडी होती. निरीक्षकानं टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. दुसरीकडे टेकवला. नाही. मुन्नालालनं मग मोठ्या प्रेमानं त्या भिंतीवर सगळा पंजा ठेवला, वर रेलला आणि म्हणाला, "देखो साहेब. काकाजी का वहम. मैं तो इधर सो भी जाऊँ."

जो करंट मरावा म्हणून श्यामलालनं वर्षभर देव पाण्यात ठेवले होते, तो आता मेला की काय, या भीतीनं तो पुढे सरसावला.

"साहेब, पाण्यात येते तो," तो म्हणाला. "भित वली करा."

"प्लास्टर फोडून बघतो," निरीक्षक म्हणाला.

"तोडफोड पे मेरा ऑब्जेक्शन है," मुन्नालालनं लगेच सांगितलं. "दीवार का जिम्मा कौन लेगा?"

"मग ओलीच करू."

प्रेमिलानं वरून बादल्या ओतल्या. भिंतीनं पाणी पिऊन टाकलं. मग तिनं मिलचा जुना बारदाना भिजवून वरच्या कडेला टांगला आणि त्यावर सावकाश धार धरली. निरीक्षकानं चहा घेतला, दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं. पाऊण तासानं भिंतीवर गुडघ्यापर्यंत ओल उतरली. त्यानं टेस्टर टेकवला. आतला दिवा केशरी झाला, अंधुक, पण झाला.

"ये तो इंडक्शन है," मुन्नालाल हसला. "गीली दीवार पे घर-घर में जलता है."

"असेल," निरीक्षक शांतपणे म्हणाला. "मग हात ठेव. मघा ठेवला तसा."

 दुर्गाप्रसाद वकील एक पाऊल पुढे आला, नीट दिसावं म्हणून. मुन्नालालनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. पाच गावांत त्याची कामं चालू होती. त्यानं हात उचलला. पायात चामडी चपला, खाली साचलेलं पाणी. हात पुढे गेला, वीतभर अंतरावर आला, आणि श्यामलालनं मागून त्याच्या शर्टाची मूठ धरून त्याला असं ओढलं की दोघंही दाराच्या चौकटीवर आदळले.

"नको बाबू! नको ठेवू! घरी लेकरं हायेत ना तुया!"

"अहो, ठेवू द्यायचा होता!" वकील कळवळून म्हणाला. "केस इथंच पक्की झाली असती!"

 शर्ट सोडायचं श्यामलालला सुचलं नाही. मुन्नालालनंच त्याची बोटं एकेक करून सोडवली.  मग मुन्नालाल बाहेर गेला, मेन स्विच खाली केला, परत आला. कुठलंही माप न घेता, खिडकीच्या कोपऱ्याखाली एका जागेवर त्यानं बोट ठेवलं.

"इधर फोडो साहेब," तो म्हणाला. "इधर है."

छिन्नीच्या चौथ्या घावाला जोड निघाला, त्याच बोटाखाली. टेप निम्मी सुटलेली. आणि अर्थिंगची हिरवी तार, दीड हात पुढे जाऊन, भिंतीतच संपलेली. ज्यानं जोड नाहीत असं लिहून दिलं होतं, त्याला जोड कुठे आहे ते झोपेतही ठाऊक होतं. निरीक्षकानं एवढंच लिहिलं. जास्त लिहायची गरजच नव्हती.

निकाल जुलैत लागला. कामाचे पैसे परत, वर नुकसानभरपाई, दाव्याचा खर्च. भरपाईत थोडी कपात, कारण तक्रारदारानं कोऱ्या कागदावर सही केली. दुर्गाप्रसादनं ती ओळ घाईनं वाचून पान उलटलं. श्यामलालनं पान परत मागे करायला लावलं, ओळ स्वतः वाचली, आणि "बराबर लिवलं हाय," म्हणाला.

नवी वायर पडली. आवारात खड्डा खणून मीठ-कोळशात अर्थिंगची पट्टी गाडली गेली. निरीक्षक पुन्हा येऊन बघून गेला.

पोळ्याला हर्षा आली. तीन दिवस पाऊस लागून होता आणि न्हाणीच्या भिंतीवर ओल पुन्हा गुडघ्यापर्यंत उतरली होती. प्रेमिला आत करंज्या तळत होती. योगेश्वरी रांगत रांगत त्या भिंतीशी गेली, दोन्ही पंजे तिच्यावर टेकवले आणि डुलत उभी झाली.

"माय, बघ वो! उभी झाली!" हर्षा ओरडली.

श्यामलाल केव्हाच तिथं पोचला होता. तो गुडघ्यांवर बसला होता. नातीच्या हाताच्या वीतभर पुढे त्यानं आपला उघडा तळहात ओल्या भिंतीवर दाबला, दोन श्वास तसाच ठेवला आणि उचलला. योगेश्वरीनं एक पाऊल टाकलं आणि तिथं हात ठेवला. तो पुढच्या वितीवर गेला.

"बाबूजी," हर्षा हळूच म्हणाली, "दुरुस्त झालं ना आता?"

"झालं ना," तो म्हणाला, आणि पुढं हात ठेवला. दारापर्यंत अजून अकरा वीत भिंत होती.