डब्यातलं रोप

"मानसं बी डब्यात, आन् झाडं बी डब्यात. काय एकेक तऱ्हा!"

चांगुणाबाई हे कुणाला सांगत नव्हत्या. मागच्या ओट्यावर रॉकेलच्या कापलेल्या डब्यापुढं बसून त्या मातीशी बोलत होत्या. पण रेल्वे क्वार्टरची भिंत ती केवढी! आत भाकरी थापणाऱ्या साखरबाईला सासूचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. डब्यातली माणसं म्हणजे आपणच, हेही तिला कळलं. तिनं भाकरी जरा जोरात थापली. हल्ली ती सासूचं सगळंच ऐकून घेई. कॉलनीतल्या बाया म्हणत, सून असावी तर अशी. ते ऐकलं की साखरबाईला मेल्याहून मेल्यासारखं होई.

चांगुणाबाई शिमगा झाल्यावर शिरूरकडच्या न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरून दौंडला आल्या, त्या मोतीबिंदू काढायला. मोतीबिंदू निघाला, जाड भिंगांचा चष्मा आला, तरी त्यांना परत पोचवायचं नाव कुणी काढत नव्हतं. कारण साधं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना तेवढं सोडून. गावाकडचं वावर विकलं होतं.

विकलं हौसरावानं, हट्ट साखरबाईचा. तिचा बाप रेल्वेत गँगमन. तो रिटायर झाला तेव्हा क्वार्टर खाली करून द्यावी लागली, आणि भांडी, गोधड्या, आजारी आई असा सगळा संसार लिंबाखाली उघड्यावर मांडलेला तिनं पाहिला होता. हौसराव लोको शेडमध्ये फिटर. लग्न होऊन ती परत क्वार्टरीतच आली. "आपल्या म्हणून चार भिंती पायजेत," हे तिनं नवऱ्याच्या कानात थेंब थेंब घातलं. शेवटी आई डोळ्यांसाठी दौंडला आल्यावर त्यानं वावर बांधाशेजारच्या भिमाजीला विकून टाकलं आणि कुरकुंभच्या रस्त्याला मुरमाड जागेचा तुकडा घेतला. सातबारा त्याच्याच नावावर, म्हणून आईला विचारायची गरज पडली नाही. ही न पडलेली गरजच आता साखरबाईच्या घशात कुसळासारखी रुतून बसली होती. कारण त्या वावरात विहीर होती, आणि ती खणताना निघालेला दगड चांगुणाबाईंनी डोक्यावरून वाहिला होता. दुष्काळात भवतालच्या विहिरी कोरड्या पडल्या, तरी तिनं तळाला पाणी राखलं होतं.

"वावर कोन बघतंय रं?" आईनं एकदा विचारलं.

"भिमाजीला वाट्यानं दिलंय," हौसरावाच्या तोंडून निघून गेलं.

खोटं तसं लहानच होतं. वाट्यानं दिलंय म्हटलं की वावर आपलंच राहतं, नुसता कसणारा दुसरा. म्हातारीचं समाधान झालं. ते खोटं पुढं रोपासारखं वाढेल, हे तेव्हा कुणाला वाटलं नाही.

डब्यांची कल्पना साखरबाईची. ड्रायव्हर लोकांच्या बंगल्यांपुढं तिनं कुंड्यांच्या रांगा बघितल्या होत्या. सासू दिवसभर रिकाम्या हातांनी दाराकडं तोंड करून बसे, ते तिला बघवेना. एवढं रान काढून घेतलं, निदान डबाभर माती तरी द्यावी, असा तो हिशेब. हिशेब तिलाही लाज आणणारा होता, पण करायला दुसरं काही नव्हतं.

सुरुवात फजितीची झाली. तिनं रॉकेलचे डबे नुसते विसळले, अंगणातली कोळशाच्या राखेनं निम्मी काळी झालेली माती भरली आणि मेथी पेरली. मेथी उगवली तशीच पिवळी पडून आडवी झाली. चांगुणाबाईंनी डबा हलवला. आत पाणी डचमळलं.

"बुडाला भोकं कुठं हायती?"

"भोकं कशापायी, आत्या?"

"बुडून मेली की गं बिचारी! आन् वास घे, वास. मेथी पेरलीस का कंदील?"

हौसराव खो खो हसला. मग हसण्याची भरपाई म्हणून त्यालाच खिळा-हातोडी घेऊन बुडाला भोकं पाडायला बसवलं. साखरबाईनं डबे राखेनं घासून उन्हात तापवले. चांगुणाबाईंनी तळाला फुटक्या माठाची खापरं पसरली, वर भीमेकाठची गाळाची माती, तिच्यात जुनं शेणखत. "पानी द्यायचं त्ये मातीला इचारून. बोट घाल, वलं लागलं तर तांब्या खाली ठिव," असं त्या सुनेला शिकवू लागल्या. पुढच्या खेपेची मेथी अशी आली की शेजारची म्हाळसा चव बघायच्या निमित्तानं निम्मी खुडून घेऊन गेली. चांगुणाबाई हसायला लागल्या, गावाकडच्या गोष्टी सांगायला लागल्या. साखरबाईला वाटलं, चला, निभावलं.

गणपतीत चांगुणाबाईंनी गाठोड्यातून एक चिंधी काढली. आत राखेत घोळलेलं वांग्याचं बी होतं. ते त्यांनी डब्यांत मूठ मोकळी सोडून टाकलं.

"आत्या, येवढं दाट? डब्यात एक झाड मावंल फार तर."

"झाडं कुठं लावतीया मी? रोप टाकलंय. रोप दाटच टाकायचं, लावनीला पांगवायचं."

"लावनी... कुठं?"

"कुठं म्हंजी? इहिरीखालच्या तुकड्यात." चांगुणाबाईंनी चष्म्यातून सुनेकडं पाहिलं. "वाट्यानं दिलंय न्हवं? मग बी-रोप मालकानंच द्यायचं आसतं. भिमाजी म्हनंल, मालक दौंडात जाऊन बसलं आन् मला तोंडघशी पाडलं. आपली रीत आपुन सोडायची न्हाई."



त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला नळापाशी गाठलं. "सांगा आता. न्हाईतर म्हातारी रोप घिऊन भिमाजीच्या दारात जाईल."

"तूच सांग. बायकांचं बायकांत बरं पडतं."

"आई कुनाची?"

"आन् घर कुनाला पायजे व्हतं?" तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं जादा पाळ्या मागून घेतल्या. शेडमधली इंजिनं त्या महिन्यात फार नीट चालली असतील.

रोप वीत-दीड वीत झालं. म्हाळसा दोन रोपं मागायला आली, तर चांगुणाबाईंनी हात जोडले. "बाई, वावराला कमी पडत्याल." म्हाळसानं साखरबाईकडं पाहिलं. तिलाही ठाऊक होतं. हौसरावानं जागा घेतली त्याचे पेढे तिनं खाल्ले होते. ती नुसतीच "बरं बाई" म्हणून गेली.

एका दुपारी सासू आडवी झाली असताना साखरबाईनं एका डब्यातली एक सोडून सगळी रोपं गुपचूप उपटली. एकेकच ठेवलं तर डब्यातच वांगी धरतील, मग लावणीचा विषय निघणार नाही, असं तिच्या मनात. उपटलेली रोपं तिनं पदराखाली लपवून गटारीत टाकली. चांगुणाबाई उठून बघतात तर डब्यात एकच रोप.

"उंदरानं दावा साधला गं!" त्या हळहळल्या. त्या दिवसापासून त्यांनी आपली वाकळ ओट्यावर आणली आणि काठी उशाशी घेऊन डब्यांची राखण सुरू केली. साखरबाई त्यांना तिथंच चहा नेऊन देई. तेव्हा त्यांच्या हातातल्या काठीकडं ती बघत नसे.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात ती बाजारातून परतली, तर डबे रिकामे. चांगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेल्या. पुढ्यात पाटी, पाटीत ओल्या बारदानात मुळं गुंडाळलेलं रोप.

"चल. शिरूर गाडी चुकंल. रोप निबर झालं तर कामाचं न्हाई."

"आत्या, हे ड्यूटीवरनं येऊ द्या..."

"त्याला कशाला खोटी करायचं? सांजच्याला माघारी येऊ."

वाटेत सांगू, असं ठरवून साखरबाईनं पाटी डोक्यावर घेतली. वाटेत माणसं भेटत राहिली. फाटकापाशी सांगू म्हणाली, तर मालगाडी धडधडत होती. स्टँडवर सांगू म्हणाली, तर गाडी लागलेलीच होती आणि चांगुणाबाई चढलेल्याही. जागा धरून त्यांनी पाटी मांडीवर घेतली.

समोरच्या बाकावर एक जाडजूड बाई पाय पसरून बसली होती. "कशाचं वो रोप?"

"वांग्याचं." चांगुणाबाईंचा आवाज गाडीभर गेला. "आमच्या वावरात न्यायचंय. न्हावऱ्याच्या अलीकडं, इहिरीचं वावर म्हनत्यात बगा."

"हां, त्ये भिमाजी... त्येच का?"

"वाटेकरी हाय त्यो आमचा."

ती बाई काहीतरी बोलायला गेली आणि साखरबाईच्या चेहऱ्याकडं बघून थांबली. त्या थांबण्यात साखरबाईला पुढचं सगळं दिसलं. भिमाजीची बायको अशीच थांबेल, मग आत जाऊन चहा ठेवेल, आणि आत्या तिच्या ओसरीवर मालकिणीसारख्या बसून बांधाबद्दल विचारतील, लावणी आज का उद्या विचारतील. कुणी काही सांगणार नाही. सगळे चांगुलपणानं गप्प बसतील, जशी ती स्वतः इतके महिने बसली होती.

कंडक्टरनं आत चढून दार ओढलं. साखरबाई सासूच्या कानाशी वाकली. हौसरावाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. सातबारा त्याचा, सही त्याची, ते म्हटलं असतं तर खोटंही नव्हतं. तिनं ते गिळलं.

"आत्या, वावर वाट्यानं न्हाई दिलेलं. इकलंय. म्या इकायला लावलं, घरासाठी. तुमाला न इचारता."

चांगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. बारदानातून बाहेर आलेलं एक पान त्यांनी बोटानं आत सारलं. पाटी दोन्ही हातांनी धरून त्या उठल्या.

"वाईच पाय घ्या बाई," त्या समोरच्या बाईला म्हणाल्या, "आमाला उतरायचंय."