सुल्माकडे ठेवलेले रेडिओ

फेर्मिना काल्फिनने पोत्यातून ट्रान्झिस्टर काढला, अंगावरच्या शालीने पुसला आणि एवारिस्तोच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं रबर त्याला दोनदा गुंडाळलेलं होतं. मागच्या झाकणावर नखपॉलिशचा एक लाल ठिपका होता.

"हा तिचा," ती म्हणाली. "आता माझा द्या."

एवारिस्तो ट्रान्झिस्टरकडे बघत राहिला. सकाळपासून हा चौथा. आधीचे तीन खिडकीखाली ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर तसाच ठिपका होता.

"बाई, मी हा मागितला नाही. रेडिओवर मी एवढंच सांगायला लावलं होतं, की ज्यांचे रेडिओ सुल्माकडे आहेत त्यांनी शनिवारच्या आत घेऊन जावेत. राहतील ते विकायचे आहेत."

"ऐकलं ना. तीन दिवस ऐकलं. ह्याच्यावरच ऐकलं." तिने बोटाने ट्रान्झिस्टरवर टकटक केलं. "माझा सुल्माबाईंनी दुरुस्तीला ठेवून घेतला, तेव्हा हा दिला होता. तोवर वापर म्हणाल्या. एकोणीस वर्षं वापरला."

"मग असू दे ना तुमच्याकडे."

"मेलेल्या बाईची वस्तू घरात ठेवून झोप लागेल का मला? माझा तो कोपऱ्यातला. तपकिरी."

तो उठला. गुडघा कुरकुरला. कोपऱ्यातला तपकिरी रेडिओ लाकडी होता, दोन हातांनी उचलावा लागेल एवढा. मागे दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. सुल्माचं अक्षर लहान आणि सरळ होतं. 'फेर्मिना काल्फिन, माय्यीन ओन्दो. खाली पडला. वाऱ्याने पडला म्हणते. वारा टेबलावरून रेडिओ पाडत नाही.'

त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. रेडिओ बाहेर नेऊन तिच्या घोड्यावर घोंगडीत बांधून दिला.

"एवढी वर्षं त्यांच्याकडे होता, म्हणजे बरा झाला असेल," फेर्मिना म्हणाली.

"असेल," एवारिस्तो म्हणाला.

ती माळाच्या दिशेने निघाली. तिचं घर तिथून चार तासांवर. वाऱ्याने घोंगडीचं टोक फडफडत होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. आत आल्यावर त्याने फेर्मिनाच्या नावावर काट मारली आणि वहीत लिहिलं: एक गेला, एक आला. हे कशात धरायचं ते त्याला कळेना.

त्याच्या बायकोला, सुल्माला, जाऊन पाच महिने झाले होते. पुढच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर एकतीस जुने रेडिओ होते, लाकडी, काळे, एकदोन हिरवट. दर सोमवारी ती ते पुसायची. आग्वादा ब्लांका गावातली माणसं त्यांना सुल्माचा संग्रह म्हणायची. एवारिस्तोही तेच म्हणायचा. तो रेल्वेत होता, महिन्यातले वीस दिवस रुळांवर. घरी आला की त्याला जेवण, आंघोळ आणि झोप पुरे असायची. रेडिओंबद्दल त्याने कधी काही विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी राजधानीतून ब्रून नावाचा व्यापारी येऊन ते बघून गेला, तेव्हा सुल्मा एवढंच म्हणाली होती, की हे विकण्यातले नाहीत. का नाहीत, ते त्याने तेव्हाही विचारलं नाही.

आता ब्रूनचं पुन्हा पत्र आलं होतं. शनिवारी गाडी घेऊन येतो, रास्त भाव देतो. रास्त हा शब्द एवारिस्तोच्या मनात अडकला. सुल्माने आयुष्यात कुणाकडून एक स्क्रू जास्तीचा घेतला नव्हता. मग त्याने फळ्यांवरून रेडिओ उतरवायला घेतले आणि पहिल्याच रेडिओच्या मागे भलत्याच माणसाचं नाव निघालं. दुसऱ्याच्या मागेही. सगळ्यांच्याच. सगळ्यात वरच्या फळीवर एक कापडात गुंडाळलेला होता. तिथवर मात्र त्याचा हात पोचला नाही.

सुल्माची धाकटी बहीण नेली दुपारी मटणाचा रस्सा घेऊन आली. खिडकीखालची ओळ बघून तिने भांडं खाली ठेवलं.

"दाजी, हे काय? विकायला बसलात की गोळा करायला?"

"लोक आणून ठेवतात."

"आणि मोठे घेऊन जातात?"

"त्यांचेच आहेत ते."

"त्यांचे कसले? वीस वीस वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. ताईने धूळ पुसली, ताईने जागा दिली. तो ब्रून एकेका खोक्याला केवढे द्यायला तयार आहे, आणि तुम्ही ते घोड्यावर बांधून देताय. ताई असती तर..." ती थांबली.

"तर काय?"

नेलीने रश्शावरचं झाकण काढलं. "काय माहीत. तिचं कधी कळलंय मला? गरम आहे तोवर खा."

तो खायला बसला. ताई असती तर काय, हेच तर त्याला पाच महिने कळत नव्हतं. कोट कुणाला द्यायचा, कोंबड्या ठेवायच्या की नाही, दर वेळी तो दुकानाच्या दाराकडे बघायचा आणि मग आठवायचं.

शुक्रवारी सात जण आले. म्हातारा आबेलार्दो कुरिन भाच्याच्या ट्रकमधून उतरला. त्याचा ट्रान्झिस्टर मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत होता.

"हा घे," तो म्हणाला. "ह्याच्यावर मला आई गेल्याचं कळलं, नातू झाल्याचं कळलं, आणि लोकरीचा भाव पडल्याचं तर दर वर्षी कळलं. चांगली बातमी द्यायची त्याला सवयच नव्हती. पण आवाज स्वच्छ."

"आबेलार्दो, मग परत कशाला करतोस?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी हे नाही सांगितलं."

"तू सांगितलंस माझा घेऊन जा. माझा न्यायचा तर तिचा ठेवायला नको? दोन्ही ठेवून घेईन असा वाटलो का तुला?" म्हाताऱ्याला राग आला होता. मग तो निवळला आणि टोपी काढून फळ्यांकडे बघत राहिला. "हुशार बाई. मुंगीएवढा आवाज ऐकून सांगायची काय बिघडलंय ते. तुला कसं पसंत केलं कोण जाणे."

"मलाही नाही माहीत," एवारिस्तो म्हणाला.

संध्याकाळी खिडकीखाली अकरा ट्रान्झिस्टर होते आणि फळ्यांवर वीस रेडिओ. त्याने दोनदा मोजले. हिशेब बरोबर होता, तरी काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत राहिलं.

ब्रून शनिवारी साडेअकराला आला. उंच, अंगात पातळ कोट, या वाऱ्यात कुणी घालणार नाही असा. रिकाम्या जागा बघून त्याचा चेहरा पडला.

"एकतीस होते."

"अकरा मालक घेऊन गेले."

"कुठे घेऊन गेले?"

"घरी. ऐकायला."

ब्रून हसला. एवारिस्तोने त्याच्यापुढे माटेच्या कडू चहाचा पेला केला. तो त्याने घेतला, एक घोट ओढून परत दिला, जवळचा एक काळा रेडिओ पालथा केला आणि मागचा पत्रा काढला. आत धूळ नव्हती. सुल्माने तिथूनही पुसली होती. पण जिथे काचेचे व्हॉल्व्ह बसवायचे तिथे नुसती भोकं होती.

"काय ऐकणार?" ब्रून म्हणाला. "गेल्या वर्षी मी सगळे उघडून बघितले होते. एकही चालत नाही. हे व्हॉल्व्ह बनायचे बंद होऊन किती वर्षं झाली. तुमच्या बाईंनी स्वतः सांगितलं मला, मिळाले तर बसवीन म्हणून वाट बघतेय. माझ्या गिऱ्हाईकांना चालतं. त्यांना दिवाणखान्यात मांडायला हवे असतात, ऐकायला नकोत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

एवारिस्तोने पेल्यात गरम पाणी ओतलं. ते भरून वर आलं आणि टेबलावर सांडलं. दारात उभ्या असलेल्या नेलीने पुढे येऊन फडकं टाकलं.

स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बाराचे टोल झाले आणि केंद्रावरची बाई माळावरच्या लोकांसाठीचे निरोप वाचू लागली. रोजच्यासारखे, एकामागून एक, घाई न करता. कुणाचा मेंढ्या कातरणारा मंगळवारी येतोय. कुणाचं पेन्शन आलंय, ओळखपत्र घेऊन यावं. मग ती म्हणाली, "माय्यीन ओन्दोच्या फेर्मिना काल्फिन यांना. तुमची मुलगी रोसा दवाखान्यातून सुटली. उद्या रविवारी चारच्या बसने बाळाला घेऊन फाट्यावर उतरते. घोडा आणि पांघरूण घेऊन या. निरोप पुन्हा वाचते. माय्यीन ओन्दोच्या फेर्मिना काल्फिन यांना..."

एवारिस्तो खिडकीपाशी गेला. सायकलच्या रबरातला ट्रान्झिस्टर ओळीत चौथा होता. त्याने तो हातात घेतला आणि त्याचं बटण फिरवलं. खोलीत आता त्या बाईचा आवाज दोन ठिकाणांहून येऊ लागला.

"असेल म्हणालो मी," तो म्हणाला.

"काय, दाजी?"

"ती म्हणाली बरा झाला असेल. मी म्हणालो असेल."

नेलीला समजायला एक क्षण लागला. तिने अकरा ट्रान्झिस्टरांवरून नजर फिरवली. "अगं आई," ती हळूच म्हणाली. "आणि आता सांगणार तरी कसं? रेडिओवर सांगून उपयोग काय?"

एवारिस्तोने कोट चढवला. मागून लाकडी खोकं आणलं, त्यात जुनं घोंगडं घातलं आणि एकेक ट्रान्झिस्टर ठेवायला लागला. ब्रून घड्याळ बघत होता.

"आणि आपला व्यवहार?"

"तुमच्या गाडीत पेट्रोल किती आहे?"

"का?"

"तुम्हाला रेडिओ हवेत. ते माळावर आहेत. मी रस्ता दाखवतो. पहिलं घर फेर्मिनाचं. अंधाराच्या आत सगळी होणार नाहीत, उरलेली उद्या. मला जो भाव सांगणार होतात, तोच दारात उभं राहून त्यांना सांगायचा. द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. पैसे त्यांच्या हातात."

"आणि तुम्हाला काय?"

"मला हे पोचवायचेत."

ब्रूनने नेलीकडे बघितलं. नेलीने खांदे उडवले. "माझ्याकडे नका बघू. मी परवापासून सांगतेय, घरात मी एकटीच शहाणी."

"आणि हे वीस?" ब्रूनने विचारलं.

"त्यांच्याही दारात विचारू. चिठ्ठ्या आहेत."

ब्रूनने बाहेरच्या गाडीकडे बघितलं. मग त्याने पातळ कोटाची बटणं लावली. "बारा वर्षं झाली मला या धंद्यात," तो म्हणाला. काळ्या रेडिओचा पत्रा परत बसवून तो फळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वहीत गावं लिहून घेऊ लागला.

नेली स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात चालू रेडिओ होता. निरोप संपून गाणं लागलं होतं.

"दाजी, हा पण त्यातलाच दिसतो. खिडकीत फडकं वाळत घालताना उचलला." तिने तो उलटा केला. झाकणावर लाल ठिपका होता, जवळपास झिजलेला. "बारा झाले." आणि तिने तो खोक्यात ठेवला.

एवारिस्तो ठिपक्याकडे बघत राहिला. तो रेडिओ तेहतीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. घरी असेल तेव्हा रोज सकाळी दाढी करताना त्याने तो लावला होता. झाकण उघडून किती वेळा बॅटऱ्या बदलल्या असतील. पहिल्यांदा तो त्याच्या हातात कुठे आला, ते आठवायला त्याला वेळ लागला. मग फलाट आठवला, काखेत बापाचा जड रेडिओ, आणि दुकानात पाठमोरी बसलेली, तारांना झाळण करणारी एक मुलगी. मान वर न करता म्हणाली होती, तोवर हा वापरा.

"एक वर राहिला," ब्रून म्हणाला. त्याने टाचा उचलून सगळ्यात वरच्या फळीवरचा गठ्ठा थोडा पुढे ओढला, कापड बाजूला केलं आणि मान वाकडी करून चिठ्ठी वाचू लागला. "यावर नाव नाही. 'रेल्वेचा पोरगा. कान मोठे. आवाज घरघरतो. घाई नाही म्हणतो. पुन्हा येईल.'" त्याने खाली बघितलं. "हा कोण? कुठल्या गावचा लिहू?"

एवारिस्तोने खुंटीवरची लोकरीची टोपी घेतली आणि ती कानांवर नीट ओढली. मग खोक्यात हात घालून बारावा ट्रान्झिस्टर बाहेर काढला. तो स्वयंपाकघरात गेला, गाणं चालू होतं तसाच तो खिडकीत त्याच्या जागी ठेवून परत आला.

"तो राहू द्या वर," तो म्हणाला. "त्याचा मालक अजून आलेला नाही."

त्याने खोकं उचललं. नेलीने दार उघडून धरलं, कारण बाहेर वारा होता.